फोटोखालची ओळ



लोणावळ्यात टायगर पॉइंट आहे, लायन्स पॉइंटही आहे. वाघ-सिंह मात्र नाहीत. मावळात खरोखर राहतो तो बिबट्या. त्याच्या नावाचा पॉइंट अजून कुणी काढलेला नाही, हे त्याचं नशीबच.

वन्यजीव छायाचित्रकारांच्या मेळाव्यात अध्यक्षानं आपल्या कलेचं कौतुक करायचं असतं. मी ते एका फोटोपुरतं करतो. २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत नयन खानोलकरांच्या फोटोला शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतची वस्ती, रात्रीची अरुंद गल्ली आणि रोजच्या वाटेनं निघाल्यासारखा चाललेला बिबट्या. वर्तमानपत्रांत बिबट्या दिसायचा तो बहुधा पिंजऱ्यात, नाहीतर बघ्यांच्या गराड्यात. इथं तो शेजारी म्हणून दिसला. वाघोबाला मानणाऱ्या तिथल्या वारली आदिवासींना त्यात नवल नव्हतं. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना होतं. फोटोनं बिबटे वाचले असं मी म्हणणार नाही. पण ‘दिसला की धरून न्या’ म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला काहीतरी हाती आलं.

आता आपल्या अंगणात येऊ. राजमाचीचे काजवे.

मे सरता सरता, पाऊस तोंडावर आला की तिथली झाडंच्या झाडं लुकलुकू लागतात. आपण ट्रायपॉड रोवतो, एकाच जागेवरून एकामागून एक एक्स्पोजर घेतो आणि घरी येऊन ते सगळे एकावर एक चढवतो. बऱ्याच वेळाचा उजेड एका चौकटीत दाटतो. देखणं दिसतं, वादच नाही. मात्र तसं झाड आजवर कुणाच्याही डोळ्यांना दिसलेलं नाही. फोटो पाहून माणसं शनिवारी गाड्या काढतात. राजमाचीच्या उधेवाडी गावात पोचल्यावर फोटोतल्यासारखं काही दिसेना, मग टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, हेडलाइट. नराची लुकलुक म्हणजे मादीला घातलेली साद; ती या झगमगाटात बुडते. मादी पुष्कळदा खाली गवतात असते, नेमके तिथंच आपले बूट. पंख फुटलेल्या काजव्याच्या हाती मोजके आठवडे असतात, त्यातले शनिवार-रविवार आपण खातो.

लोकांना येऊच देऊ नका, असं म्हणणारे पुण्या-मुंबईत राहतात. गावात त्या दिवसांत जेवण-मुक्कामाचे चार पैसे होतात, ते बुडवायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या हातात आहे ती फोटोखालची ओळ. किती एक्स्पोजर जोडले, किती वेळाचे, आणि प्रत्यक्षात याहून बरंच कमी दिसतं, एवढं तिथं लिहिता येतं. झाड नेमकं कुठलं, ते लिहू नये. शेकरूच्या घरट्याचंही तेच. फोटो टाकण्याआधी त्यातलं जीपीएस काढून टाका. (घाटात माकडाला वेफर्स दाखवून काढलेल्या फोटोंबद्दल मी बोलत नाही. ते वन्यजीव छायाचित्रणात मोडत नाहीत.)

बाहेरच्या प्रदर्शनात काजव्यांच्या प्रत्येक फोटोखाली कॅमेरा, लेन्स, आयएसओ सगळं व्यवस्थित छापलेलं आहे. जोडलेल्या एक्स्पोजरांचा आकडा एकाही ठिकाणी नाही. संबंधितांनी जेवणाच्या सुट्टीत तो हातानं लिहावा. पेनं संयोजकांकडे मिळतील.