नीट मराठीत सांगा ना, काकी!

बायांनो, भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा. आम्ही बोलतो, तुम्ही तव्याकडे लक्ष द्या.

आमच्या बचत गटात आम्ही बाराजणी. बैठक भरते विरारला, एकीच्या ओटीवर. पण बोली मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. कुणी वाडवळी बोलते, कुणी कादोडी, कुणी आगरी, एकीच्या घरी वारली, तर एकीच्या घरी गुजराती. आणि आम्ही दोघी-तिघी लग्न होऊन घाटावरून आलेल्या. त्यात आम्ही वही लिहिणाऱ्या, बी.ए. मराठी! म्हणजे खरी मराठी काय ती आम्हालाच येते, असा आमचा समज.

तो समज खरं तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जायला हवा होता. सासूबाईंना विचारलं, "आई, कालवण करू का?" त्या म्हणाल्या, "आत्ता? भरती लागली असेल. कालवं कुठून मिळायची?" आम्हाला करायची होती साधी आमटी, आणि त्या निघाल्या खडकावरची कालवं शोधायला!

मग गटाला पालघरच्या प्रदर्शनात टेबल मिळालं. आधी जिल्ह्याचं काम म्हटलं की ठाणं गाठावं लागे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. आता विरारहून डहाणू लोकल धरायची. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, की चौथं पालघर. ठरलं असं, की उसळ-भाकरी आणि वसईची सुकेळी विकायची. सामानाची यादी आमच्या वाडवळ काकींनी सांगितली. त्यात होतं, "डाळिंब्या, दोन किलो."

घाटावरच्या आमच्या मैत्रिणीनं चांगली लालबुंद, टपोरी दोन किलो डाळिंबं आणली.

काकींना हवे होते मोड आणून सोललेले वाल. त्या भडकल्या आणि भडभडा बोलल्या, अर्थात वाडवळीत. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. वर आम्हीच म्हणालो, "काकी, नीट मराठीत सांगा ना!"

काकी गप्प झाल्या. पुढच्या तीन बैठकांना आल्या, बचत भरली, सही केली, घरी गेल्या. आमच्या ते ध्यानातही आलं नाही.

त्या तीन बैठकांतच सुकेळ्यांचा भाव ठरला. राजेळी केळी गटाच्या पैशांनी घेतली होती, वाळवली काकींच्या अंगणात. हिशेब आम्ही केला. एक किलो केळ्यांची एक किलो सुकेळी होणार, त्यावर थोडा नफा. झाला भाव! प्रदर्शनात दुपारपर्यंत टेबल रिकामं. आम्ही खूश. परतीच्या गाडीत पैसे मोजले, तेव्हा कळलं की केळ्यांचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. केळं उन्हात वाळतं, तसं वजनही वाळतं. बी.ए.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"काकी, तुम्हाला तर माहीत होतं. भाव ठरताना बोलला का नाहीत?"

काकी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नीट मराठीत सांगता येईना."

वैतरणा येईपर्यंत आमच्यातली एकही बोलली नाही.

घरी आल्यावर वाटलं, आपली तरी मराठी कुठली एवढी नीट? सकाळी उठून बादलीत पाणी काढायचं, साबण शोधायचा, बटाटा चिरायचा, पाव आणायचा, कपाटाला चावी लावायची आणि महिनाअखेरीला पगाराची वाट बघायची. बादली, बटाटा, पाव, चावी, पगार, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. त्यांची बादली मात्र अजून आमच्या मोरीत आहे. परक्याचे शब्द आपले म्हणून वापरतो, आणि शेजारच्या काकींच्या बोलीला हसतो!

पुढच्या बैठकीत आम्ही काकींची माफी मागितली आणि ठराव केला. जिनं-तिनं आपल्या बोलीत बोलायचं. नाही कळलं तर पुन्हा विचारायचं. बोलीला हसलं तर पाच रुपये दंड. पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त दंड कुणी भरला, ते विचारू नका. वही लिहिणारीनंच भरला.

सुकेळ्यांचा भाव आता काकी ठरवतात. आम्ही फक्त लिहून घेतो, त्यांच्याच शब्दांत.

तुमच्या गटातही कुणीतरी बचत भरून, सही करून, गुपचूप घरी जात असेल. येत्या बैठकीत तिला विचाराल का, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" आणि ती बोलायला लागली, की हसू नका हं. पाच रुपये पडतील!