नोटरीकडे जाण्यापूर्वी



गॅझेटमध्ये नाव बदलायचंय, प्रतिज्ञापत्र द्यायचंय... की कुणीतरी सांगतं, "नोटरी करून आणा."

नोटरी कुठे भेटतात? बहुधा न्यायालयाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात. टेबलावर जाडजूड रजिस्टर, शेजारी गोल शिक्का. शिक्क्यावर नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक असतो. तो नीट वाचून घ्या.

सही मात्र नोटरीसमोरच करायची. मूळ ओळखपत्र सोबत न्या. घरून सही करून कागद दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. नोटरी साक्ष देतो ती याचीच, की ही सही याच माणसाने, माझ्यासमोर केली.

शुल्काचे दर कार्यालयात लावलेले असलेच पाहिजेत. पावती मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक. भाडेकरार नुसता नोटरी करून भागत नाही. महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. नोटरीच्या कागदाने लग्न होत नाही, घटस्फोटही होत नाही. इथेच अनेक कुटुंबं फसतात.

आता, नोटरी होतं कोण? 1952 च्या नोटरी कायद्यानुसार केंद्र किंवा राज्य सरकार ही नेमणूक करतं. वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना सात वर्षं पुरतात. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, पुढे नूतनीकरण.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा सांगतो : सही नोटरीसमोरच करा, आणि पावती घेऊनच निघा.