आपले आडनाव कोठून आले?
(घोडेगाव येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



घोडेगावच्या बाजारात बैल घेताना आपण काय कमी चौकशी करतो? कोणत्या गावचा, कोणाच्या दावणीचा, गाय कशी होती. दात पाहिल्यावाचून इसार देत नाही. पण स्वतःच्या पणज्याचे नाव विचारले की बहुतेक जण आढ्याकडे पाहू लागतात! हा सगळा आपलाच दोष, असे आम्ही म्हणत नाही. लेखणी आपल्या हाती नव्हती. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी, तेही मोडीत. कागदावर कुणब्याची निशाणी नांगर आणि बाईची निशाणी कांकण. वर काय लिहिले आहे, हे निशाणी करणारास कळावे तरी कसे?

आता जोतीराव फुल्यांचेच घराणे घ्या. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पणजोबा तेथे चौगुला होते. कुलकर्ण्याशी वैर आले आणि गाव सुटले, असे चरित्रकार सांगतात. मग पुरंदरातील खानवडी, आणि आजोबा शेटीबा पुण्यास. त्यांच्या मुलांनी पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम धरले, तेव्हा लोक त्यांस फुले म्हणू लागले. गोऱ्हे मागे पडले. दोन-तीन पिढ्यांत गाव बदलले, धंदा बदलला, नावही बदलले. रक्त मात्र तेच. सबब, आडनाव वेगळे म्हणून भाऊबंद नव्हे, असे म्हणण्याची घाई करू नये.

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात आम्ही स्वतः पाहिले आहे : सख्खे भाऊ, एकापुढे धंद्याचे नाव, दुसऱ्यापुढे सोडून आलेल्या गावाचे. मास्तराने विचारले, बापाने त्या दिवशी जे तोंडी आले ते सांगितले. झाले आडनाव!

मग शोध कोठे घ्यावा? आधी घरातील म्हाताऱ्या माणसांकडे. नंतर शाळेचे रजिस्टर, आणि तहसील कचेरीत गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद. भूमिअभिलेख कचेरीत मोजणीचे कागद असतात. शेताचे नावही विचारावे. अमक्याचे थळ, तमक्याचा मळा; तो अमका कोण होता? वतनदार घराण्यांचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरापर्यंत जातात. त्र्यंबकेश्वरी किंवा पैठणास पूर्वज गेले असतील तर उपाध्यायाच्या वहीत त्यांचे नाव सापडते. उपाध्यायास दक्षिणा आपणच दिली आहे, तेव्हा वही पाहण्यास लाजू नये. गोदावरीपलीकडून आलेल्या घरांनी ध्यानात ठेवावे की तो मुलूख 1948 पर्यंत निजामाचा होता. तिकडचे कागद उर्दूतही असतात.

2023 साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांतले मोडी गठ्ठे सुटू लागले. मोडी वाचणारा मिळेना, अशी तेव्हा गत झाली. आज त्या एका ओळीवर मुलांचे दाखले अडतात किंवा मिळतात. ह्याच कागदांना आपल्या घरांत उंदीर खात होते.

एक सावधगिरी. पैसे घेऊन वंशावळ थेट चितोडास नेऊन भिडविणारे भाट पुष्कळ भेटतील. नांगर धरणाऱ्या आज्यात कमीपणा काय आहे, की उसना राजा आणावा? कागद जेथे थांबेल तेथे आपणही थांबावे.

आणि वंशावळीत बायका कोठे आहेत? बाप, मुलगा, नातू. जिने हे सारे पोसले तिचे नाव नाही. आम्ही आमच्या घरची वंशावळ लिहिली तेव्हा पणजीचे माहेर कोणास सांगता येईना. शेवटी ऐंशी वर्षांच्या एका आत्याने सांगितले. ती गेली असती तर तेही गेले असते. म्हणून आयाबहिणींनी आपली, सासूची व आजेसासूची नावे, माहेरासह, आजच लिहून ठेवावी.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस मोडी शिकविली नाही; ती आम्ही चाळिशीत शिकलो. ज्यांच्या माळ्यावर फडक्यात बांधलेले कागद असतील त्यांनी ते शाळा सुटल्यावर घेऊन यावे. पैसा नको. कागद मात्र घडी न मोडता आणावेत. घडीवरच ते फाटतात.