मैदानावर पाहिलेला खेळ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बालपणीच्या आठवणींवर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही आयुष्यभर खडूफळ्याशी सोबत केलेले साधे शिक्षक. सांगण्याजोगे पराक्रम आमच्या गाठी नाहीत. परंतु बालवयात प्रत्यक्ष पाहिलेल्या एका सामन्याने आम्हांस जे शिकविले, ते आज आपणापुढे ठेवतो.

सन १९७५ चा जानेवारी महिना. मुंबईत वानखेडे स्टेडियम नुकतेच उभे राहिले होते. ब्रेबोर्न स्टेडियमवरील तिकिटांच्या वाटपावरून दोन क्रिकेट संस्थांत तंटा झाला आणि त्यातून शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने जवळच हे नवे मैदान सिद्ध झाले. तेथील हा पहिलाच कसोटी सामना. प्रतिपक्ष वेस्ट इंडीज. मालिका २-२ अशी बरोबरीत. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. मामांनी खटपट करून दोन दिवसांची तिकिटे मिळविली, आईने दशम्या व बटाट्याची सुकी भाजी बांधून दिली आणि चर्चगेटला उतरून गर्दीबरोबर आम्ही मैदान गाठले.

तोवर क्रिकेट आम्हांस कानांनीच ठाऊक होते. १९७१ मधील ओव्हलचा विजय शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती बसून ऐकलेला. येथे मात्र फटका आधी दिसे व आवाज मागाहून येई. गोलंदाज धावू लागला की हजारोंचा गलबला एकाएकी शमे. ती शांतता रेडिओने कधीच ऐकविली नव्हती.

क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा काढल्या. चष्मा लावलेला, किंचित वाकून चालणारा तो उंच पुरुष बॅट उचले आणि चेंडू कुंपणापाशी दिसे. त्यांचे द्विशतक होताच एक तरुण अभिनंदनासाठी मैदानात धावला. त्यास मारहाण झाली, प्रेक्षक खवळले, खेळ थांबला. आम्ही भेदरून मामांचा हात धरला. मामा एवढेच म्हणाले, “बाळ, तो पोरगा परक्याच्या गुणाला हात जोडायला गेला होता. तेवढे लक्षात ठेव.”

दुसऱ्या खेपेस एकनाथ सोलकर यांचे शतक पाहिले. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या सेवकाचे ते चिरंजीव. त्याच मैदानावरील एका खोलीत वाढलेले. तो जिमखाना वानखेडेपासून पायी जाण्याच्या अंतरावर. परंतु त्या खोलीपासून या खेळपट्टीपर्यंतची वाट किती लांबची! डोक्यावर शिरस्त्राण नसता फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून झेल टिपणारे म्हणून ते विख्यात. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. त्या डावातील १०२ धावा हे त्यांचे कसोटीतील एकमेव शतक. ते पूर्ण होताच मामांच्या डोळ्यांत पाणी आले. गिरणीत राबणाऱ्या त्या माणसास कोणाचा आनंद झाला होता, हे आम्हांस पुढे उमगले.

सामना आपण २०१ धावांनी हरलो, मालिकाही गेली. पतौडींचा तो अखेरचा कसोटी सामना ठरला. तरी आम्हांस स्मरते ते सोलकरांचे शतक.

पुढे वर्गात एखादा गरीब विद्यार्थी मान खाली घालून बसलेला दिसला की आम्ही त्यास सोलकरांची कथा सांगत असू. २००५ साली ते निवर्तले, तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने पत्र पाठवून आमचे सांत्वन केले, जणू आमच्याच घरचे कोणी गेले होते.

बंधुभगिनींनो, आज मुलांच्या हाती जगातील सारे सामने आहेत. परंतु तेथे दोन चेंडूंमधील वाट पाहणे वगळले जाते आणि शेजारी डोळे पुसणारा मामा नसतो. मोठ्या सामन्याचे तिकीट परवडत नसेल, तर पावसाळ्यात आझाद मैदानावर कांगा लीगचे सामने चालतात. ते पाहावयास पैसा पडत नाही. तेथे आपल्या मुलांना, भाच्यांना घेऊन जा. सोबत चार दशम्या घ्या आणि संध्याकाळपर्यंत बसा. मुलास काय दिसेल हे आपण ठरवू नये. त्याचे ते शोधील.