फेररचना हवी, पण घरे आणि माणसे मोजून
(आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

आरोग्य खात्याची फेररचना होणार असे कानावर आले की कर्मचाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. फेररचना म्हणजे पदकपात, बदल्या आणि कंत्राट असाच आजवरचा अनुभव आहे. तरीही आम्ही फेररचनेला सरसकट विरोध करीत नाही. ती कशासाठी आणि कोणाच्या जिवावर, एवढेच आम्ही विचारतो.

दिल्लीचे उदाहरण घेऊ. १९५८ साली स्थापन झालेल्या दिल्ली महानगरपालिकेचे २०१२ मध्ये तीन तुकडे झाले. बारा विभागांपैकी सहा उत्तरेकडे, चार दक्षिणेकडे, दोन पूर्वेकडे गेले. आरोग्य खातेही तसेच वाटले गेले. बहुतेक मोठी रुग्णालये उत्तरेच्या वाट्याला आली. उत्पन्नाची बाजू मात्र दक्षिणेची भक्कम राहिली. खर्च एकीकडे, पैसा दुसरीकडे! ऑक्टोबर २०२० मध्ये, कोरोनाची साथ चालू असताना, उत्तर दिल्लीतील पालिका रुग्णालयांच्या डॉक्टरांना थकलेल्या पगारासाठी आंदोलन करावे लागले. पुढे २२ मे २०२२ रोजी तिन्ही पालिका पुन्हा एक झाल्या. दहा वर्षांत दोनदा फेररचना झाली, पण दोन्ही वेळा चर्चा झाली ती हद्दी आणि अधिकार यांची. घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम त्या चर्चेत मागेच राहिले.

ते काम काय आहे? १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. १०,२५२ रुग्णांची नोंद झाली, ४२३ माणसे दगावली. त्या साथीनंतर घराघरांत डासांची पैदास शोधणारे कर्मचारी नेमले गेले. कूलर, पाण्याची टाकी, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा जुना टायर तपासायचा, अळ्या दिसल्या की पाणी ओतून टाकायचे किंवा औषध घालायचे, हे त्यांचे काम. शहराला साथीपासून वाचवणाऱ्या यांतल्या अनेकांची उमेदीची वर्षे कंत्राटावर गेली.

डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळा-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक घर तपासले गेले पाहिजे. हे वेळापत्रक कोणा साहेबाने ठरवलेले नाही, डासाने ठरवले आहे. समजा, एका वॉर्डात १२,००० घरे आहेत आणि एक कर्मचारी दिवसाला ५० घरे नीट पाहू शकतो. सहा दिवसांत ३०० घरे झाली. म्हणजे ४० कर्मचारी हवेत. आकृतिबंधात २० च पदे ठेवली, तर एका घराची पाळी पंधरवड्याने येईल. तोवर डास उडून गेलेला असेल. अशी बचत हिशेबाच्या वहीत दिसते. तिची किंमत मात्र वस्तीतले लोक तापाने चुकवतात.

खाते एकत्र कसे करावे हे काही नवे कोडे नाही. आरोग्यसेवांच्या एकात्मीकरणावरील जंगलवाला समितीने १९६७ सालीच सांगितले होते: एकच संवर्ग, सामाईक सेवाज्येष्ठता, समान कामाला समान वेतन, खाजगी प्रॅक्टिसला बंदी आणि सेवाशर्तींत सुधारणा. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली. प्रशासनाला यातला ‘बहुउद्देशीय’ हा शब्द तेवढा नीट पाठ आहे. एका माणसावर चार माणसांचे काम टाकताना तो लगेच आठवतो. समान वेतनाची वेळ आली की मात्र अहवालच सापडत नाही!

आता न्यायालयाचा आधारही आपल्याकडे आहे. तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली जगजित सिंग प्रकरणात मान्य केले. २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल करून दीर्घकाळ राबलेल्यांना डावलू नये, असे डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात बजावले. पण निकाल आपोआप पगारपत्रकात उतरत नाही. त्यासाठी संघटना लागते.

म्हणून कोणत्याही फेररचनेपुढे आमच्या मागण्या अशा:
१. पदे घरे व लोकसंख्या मोजून ठरवा, शिल्लक निधी पाहून नव्हे.
२. खाती जोडण्यापूर्वी सामाईक सेवाज्येष्ठता यादी जाहीर करा, हरकती ऐका.
३. कायमस्वरूपी कामावरील कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत कायम करा. तोवर समान वेतन द्या.
४. रुग्णालये ज्या संस्थेकडे, त्यांच्या पगाराचा निधीही तिच्याकडे.
५. आराखडा ठरण्याआधी संघटनांशी चर्चा करा.

साथींनो, परत गेल्यावर प्रत्येक शाखेने एक साधा तक्ता करावा: वॉर्डातील घरे, मंजूर पदे, भरलेली पदे, कंत्राटी माणसे. हा तक्ता घेऊन कर्मचाऱ्यांनी एकट्याने नव्हे, तर वस्तीतील नागरिकांना सोबत घेऊन पालिकेच्या दारात जावे. डेंग्यू त्यांच्याही घरात शिरतो. आपल्या पदांची लढाई ही त्यांच्या आरोग्याची लढाई आहे, हे त्यांना पटले की आपली ताकद दुप्पट होईल.