चलित्राची दिशा पालटताना

तीन फेजच्या चलित्राची दिशा पालटणे हे तत्त्वतः अत्यंत सोपे काम आहे. निकोला टेस्ला यांना १८८८ मध्ये ज्यावर आधारलेली एकस्वे मिळाली, ते फिरते चुंबकीय क्षेत्र फेजच्या क्रमानुसार फिरते. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की क्रम उलटतो आणि चलित्रही उलट फिरते. (परिभाषेत फेजला ‘कला’ असा सुरेख शब्द आहे, परंतु कारखान्यातला कामगार फेजच म्हणतो, म्हणून मीही तोच स्वीकारला आहे.) मात्र चलित्राला जे मानवते, ते त्याला जोडलेल्या यंत्राला मानवेलच असे नाही.

कित्येक जुन्या लेथचा चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असतो. नेहमीच्या दिशेने कर्तन चालू असता तो अधिकच आवळला जातो. उलट दिशेने भार पडला, किंवा वेगात असता स्पिंडल एकाएकी थांबवला, तर तोच चक सैल होऊन निखळतो आणि त्याच्या वाटेत उभा असतो तो यंत्रचालक. ग्राइंडरच्या दोन टोकांच्या नटांचे आटे परस्परविरुद्ध ठेवतात तेही याच कारणाने; त्या यंत्राची दिशा कधीच पालटू नये.

फिरते चलित्र एकदम उलटवले तर ते आरंभी घेते त्याहूनही अधिक विद्युत् प्रवाह ओढते, आणि आरंभीचा प्रवाहच पूर्ण भाराच्या पाचसहा पट असतो. म्हणून आधी ते पूर्ण थांबू द्यावे. दिशा वारंवार पालटायची असल्यास दोन कॉन्टॅक्टर बसवतात. ते एकाच वेळी मिटले तर दोन फेज थेट एकमेकींना भिडतात. म्हणून एक मिटला असता दुसऱ्याचा मार्ग तोडणारी विद्युत् अडवणूक हवी, आणि संपर्क तापून चिकटण्याचा संभव असल्यामुळे यांत्रिक अडवणूकही हवी.

एक फेजच्या चलित्रात आरंभक गुंडाळीची टोके मुख्य गुंडाळीच्या संदर्भात उलटावी लागतात. येथे एक फसगत आहे. वेग आल्यावर केंद्रोत्सारी स्विच आरंभक गुंडाळी तोडतो. त्यामुळे चालू चलित्राचा खटका उलट टाकला तरी ते पूर्वीच्याच दिशेने धावत राहते, आणि पुढच्या आरंभी मात्र अनपेक्षितपणे उलट फिरते.

तारा बदलायच्या त्या चलित्रापाशी. मुख्य पुरवठ्यापाशी बदलल्यास त्यावरची तीन फेजची सारी यंत्रे उलटतील. तत्पूर्वी पुरवठा तोडून, खटक्याला कुलूप घालून, तारांत वीज नाही याची परीक्षा करावी. मग पट्टा उतरवून क्षणभरच बटण दाबावे आणि दिशा पाहावी.