काळ्या दगडावरचे फूल
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा शास्त्रातली मोठी नावे मी घेणार नाही. एका लहानशा निवडुंगाविषयी जे वाचले ते सांगते.

आपल्या कुंपणाचा चिकाचा निवडुंग एरंडाच्या कुळातला. खरे कॅक्टस निराळे. ते जवळजवळ सारे मूळचे अमेरिकेकडचे. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणून रात्री हळदकुंकू वाहतो, तेदेखील मेक्सिकोकडून आलेले कॅक्टसच!

त्याचाच एक भाऊबंद गालापागोस बेटांवर आहे. ही बेटे एक्वादोर देशाची, किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर दूर, भर समुद्रात. तिथे ज्वालामुखी अजून जागे आहेत. फर्नान्दिना बेटावरचा २०२४ साली उसळला होता. वाहून आलेला लाव्हा थिजला की नुसता काळा खडक. माती नाही, सावली नाही. त्या भेगांत सर्वांआधी जी रोपे रुजतात त्यांत हा 'लाव्हा कॅक्टस' येतो. उंची फार तर दीड हात. कोंबाला कोंब फुटून त्याचा झुबका होतो. जुने कोंब करडे, काळसर. पाहणाऱ्याला वाटावे, वाळून गेला. पण शेंड्याकडे पाहावे, तिथे नवे काटे पिवळेधमक असतात. सायीच्या रंगाचे फूल भल्या पहाटे उमलते आणि आठाच्या सुमारास मिटूनही जाते. आपला सकाळचा चहासुद्धा आटोपलेला नसतो!

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाट्या-वरवंट्याचा काळा दगड तोच, आणि तो झिजूनच आपली ज्वारीची काळी जमीन झाली. तिकडे ते काम नुकते कुठे सुरू आहे. १९५९ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. पाहुण्याने आखलेली वाट सोडायची नाही, खडा की बी काही उचलायचे नाही.

हे आजच सांगते, कारण श्रावणात आपली सहल आहे. मागल्या खेपेला परतताना पिशव्यांतून कितीतरी रोपे मुळासकट आली. "एवढेसे तर आहे," असे प्रत्येकीने म्हटले. त्यांतले एकही जगले नाही. या खेपेला खुरपी घरी ठेवू या. कुंडीत लावायला काही हवेच असेल, तर माझ्या ब्रह्मकमळाचे एकेक पान घेऊन जा. ओल्या मातीत खोचले की लागते. फूल यायला मात्र दोन-तीन पावसाळे थांबावे लागेल.